बाहेर बसलेले आठ दिवस

होळी होऊन चार दिवस झाले आणि न आलेल्या पाळीसाठी शरणम्माने अंगणातल्या छपरीखाली गोणपाट अंथरले.

बाहेर बसण्याची रीत त्या घरात कधी चुकली नव्हती. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी मेंढरे विकली गेली, दुसऱ्या वर्षी मेंढवाड्याचे जाळे आणि लोकर कातरायच्या कातरीही गेल्या. सासू मल्लव्वाने रीत तेवढी शाबूत ठेवली होती. वेगळा तांब्या, वरून सोडलेले पाणी, हातभर अंतरावरून टाकलेली भाकरी आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाणे. त्या न्हाण्याला एक घागर पाणी लागे. जळकोटच्या रस्त्यावर दिवसाआड टँकर उभा राही आणि घरातल्या सहा माणसांना मिळून चार घागरी येत. त्यांतली एक घागर शरणम्माने चौथ्या दिवशी आपल्या डोक्यावर ओतली. धाकटी पोर उंबऱ्यावर बसून त्या पाण्याकडे बघत होती.

खोटे बोलण्यापेक्षा खोटे बसणे सोपे, असे तिला वाटले होते. बसल्यावर कळले की जिभेचे खोटे एकदा उच्चारले की उच्चारणाऱ्यापुरते तरी संपते. हे मात्र चार दिवस, पाण्याच्या प्रत्येक घोटाला, भाकरीच्या प्रत्येक तुकड्याला नव्याने करावे लागते. कोरडी फडकी ती पहाटे ओढ्यात नेई आणि ओंजळभर पाण्यात भिजवून वाळत घाली. मल्लव्वाची नजर दोरीवर असे.

कारण सरळ होते. महाशिवरात्रीच्या पंधरा दिवस आधी धुळाप्पाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, नसबंदी झाली होती. दुष्काळी कामावर विहीर खोदणारी सात माणसे मुकादमाने ट्रकमध्ये घालून शिबिराला नेली, त्यांत हाही गेला. बाकीचे कशासाठी गेले ते त्यांचे त्यांना ठाऊक. धुळाप्पा गेला तो आपल्या मनाने. तिसऱ्या बाळंतपणात शरणम्मा दोन दिवस शुद्धीवर नव्हती; त्या दोन दिवसांत त्याने काय ठरवले ते त्याने कधी बोलून दाखवले नाही. शिबिराहून आल्यावर पायरीवर हळूच टेकत तो एवढेच म्हणाला होता, "आता तुला भ्या न्हाय."

कामावर त्याची थट्टा झाली. धनगराने आयुष्यभर बोकड खच्ची केले, शेवटी बोकडांनी सूड घेतला, असे एकाने म्हटले आणि विहिरीच्या तळापर्यंत हसू पोचले. धुळाप्पाही हसला. पण पुढचे आठ दिवस तो त्यांच्यात जेवायला बसला नाही. आपली भाकरी घेऊन मुरमाच्या ढिगामागे जाई.

त्यानंतर शरणम्माची पाळी एकदा आली आणि पुढच्या महिन्यात आली नाही. अंगाचा सांगावा तिला ठाऊक होता. ज्वारीचे पीठ भिजवताना पोटातून उमासे येऊ लागले, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. नसबंदी झालेल्या पुरुषाची बायको गरोदर, याचा अर्थ गावात एकच होतो आणि तो लावायला शाळा लागत नाही. दुसऱ्या पुरुषाची सावलीसुद्धा तिच्या अंगावर पडलेली नव्हती. हे जाणणारे माणूस जगात एकच होते, ते म्हणजे ती स्वतः. आणि तिचे अंगच तिच्याविरुद्ध साक्ष देत होते.

गुढीपाडवा होऊन पंधरा दिवस गेल्यावर ती पुन्हा बाहेर बसली.

कामावर तिला त्याचा एक लाभ झाला, आणि त्या लाभाची तिला लाज वाटली. पाळीतल्या बाईने विहिरीच्या काठावर जायचे नाही, असा तिथला दंडक होता. त्या बाईला चार दिवस खडी फोडायला बसवत. एरवी तिचे काम वर आलेला मुरूम पाटीत भरून डोक्यावरून नेण्याचे. दगडाची पाटी डोक्यावर चढली की ओटीपोट दगडासारखे आवळून येई. खडीच्या ढिगावर बसून, डाव्या हातात पकडलेल्या दगडावर हातोडी मारताना तिला वाटे की महिनाभर असेच बसून राहता आले तर बरे होईल. लगेच दुसरा विचार येई: पोट वाढल्यावर बाहेर बसण्याचे हे सोंग कोण मानणार? अंगठा दोनदा ठेचला. शेजारी खडी फोडणारी धुरपदाबाई तिच्याकडे बघून म्हणाली, "ध्यान कुठं हाय गं तुजं? अंगठा फोडून खडी वाढंल का?"

याच धुरपदाबाईकडून तिने न विचारता एक माहिती मिळवली. तालुक्याच्या दवाखान्यात आता पोट खाली करून देतात, सरकारनेच तसा कायदा केला आहे, धुरपदाबाईच्या नणंदेने करून घेतले, असे ती सहज बोलून गेली. शरणम्माने मान वर केली नाही. दवाखान्यात कोणत्या बाईला भेटायचे, एवढे मात्र दुसऱ्या दिवशी तिने आडवळणाने काढून घेतले.

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. सणाला माहेरी तामलवाडीला जाऊन येते, असे तिने घरी सांगितले. धुळाप्पाने तिला जळकोटच्या फाट्यापर्यंत पोचवले. ती गाडीत बसली तेव्हा तो म्हणाला, "आईला म्हनावं, पाऊस पडल्यावर येतू." तिने मान डोलावली. तालुक्याला ती गाडीतून उतरली, तेव्हा मागच्या सीटवरच्या कोणी ओळखले तर नाही ना, हे पाहायला वळण्याचेही तिला धाडस झाले नाही.

दवाखान्यातली नर्स सुमनबाई सरवदे चाळिशीची, सावळी, चष्मा लावणारी होती. तिच्या खोलीत एक टेबल, दोन स्टुले आणि पडदा लावलेले एक कपाट होते. तिने शरणम्माला बसवले, दार लोटून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो जेवण झाले आहे का, हा. शरणम्मा या प्रश्नाची तयारी करून आली नव्हती. तिला रडू आले.

नवऱ्याच्या ऑपरेशनचा उल्लेखच करायचा नाही, असे ती ठरवून आली होती. तीन लेकरे आहेत, अंगात ताकद नाही, चौथे नको, एवढेच सांगायचे. तिने ते सांगितले. सुमनबाईने लिहून घेतले. नवऱ्याची सही लागेल का, असे विचारल्यावर सुमनबाई म्हणाली की सज्ञान बाईचा स्वतःचा अंगठा कायद्याला पुरतो, आणि डॉक्टरांनी मालकाला आणा म्हटले तर त्यांच्याशी ती स्वतः बोलेल. मग तिने कपाटाचा पडदा सारला आणि एकेक वस्तू टेबलावर मांडून सांगू लागली. ही लूप, आत बसवतात. हे बायकांचे ऑपरेशन, त्याला इतके दिवस पडून राहावे लागते. आणि तिसरी गोष्ट ही की मालकांनीच ऑपरेशन करून घेतले तर सगळ्यांत सोपे, पुरुषाचे काम दहा मिनिटांचे.

"त्येंचं झालंया," शरणम्मा बोलून गेली.

बोलल्यावर तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला. आता ही बाई आपल्याकडे कशी बघेल, हे तिला दीड महिन्यापासून दिसत होते. सुमनबाईने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"कधी झालं?"

"शिवरात्रीच्या पंध्रा दिस आदी."

सुमनबाईने बोटांवर काहीतरी मोजले. मग टेबलाच्या खणातून तिने एक लहान चौकोनी पाकीट काढले आणि तिच्यासमोर धरले. "शिबिरात मालकांना ही दिली होती का? डझनभर तरी दिली असतील."

शरणम्माने पाकीट ओळखले. ओळखीची वस्तू दिसल्याने तिचा आवाज जरा मोकळा झाला. "व्हय की. त्यी इहिरीच्या कामाची हायती. आमचे मालक बारवाले हायती न्हवं."

सुमनबाईला कळेना. शरणम्माने समजावून सांगितले. धुळाप्पा सुरुंगाचे बार भरतो. विहिरीच्या तळाला पाझर आहे. तोंड ओले करण्याइतका नाही, पण दारू भिजवण्याइतका आहे. भोकात भरलेली दारू भिजली की बार फुसका जातो. या रबरी पिशवीत दारू भरून तोंड सुतळीने आवळले की बार ओल्या भोकातही उडतो. ही युक्ती टोळीत आधीपासून होती, पिशव्या मिळत नव्हत्या एवढेच. शिबिरात सातही जणांना त्या मिळाल्या, तेव्हा सरकारने कामासाठीच दिल्या असे सगळे समजले. बाकीच्या सहांनी आपापल्या पिशव्या धुळाप्पाकडे जमा केल्या. तो महिना बार कधी फुसका गेला नाही.

सुमनबाईला हसू आले. ते तिने आवरले, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते आवरावे लागले. मग ती गंभीर झाली. "मोट चालवलेली तू पाहिली असशील, शरणम्मा. मोट थांबली म्हणून पाट लगेच कोरडा पडतो का?"

"न्हाय. पाटात असतंय त्येवढं पानी जातंच वाफ्यात."

"तसंच हे. नस बांधली तरी पुढचं पाणी पाटात असतं. दोन महिने, तीन महिने. तोवर ही वापरायची, म्हणून दिली होती. हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नाही. हे लेकरू तुझ्या मालकांचंच आहे. मला यात नवल वाटत नाही आणि डॉक्टरांनाही वाटणार नाही."

लेकरू कोणाचे हे शरणम्माला कोणी सांगण्याची गरज नव्हती; पण आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे ही वेगळी गोष्ट असते. दीड महिना डोक्यावर असलेली पाटी कोणीतरी हात लावून खाली घेतल्यासारखे तिला झाले. सुमनबाईने विचारले की आता तरी विचार पक्का आहे का. ठेवायचे असेल तर ती स्वतः गावी येऊन मालकांना आणि सासूबाईंना हे सगळे समजावून सांगेल, चिठ्ठीवर लिहून देईल. कोणतीही घाई नाही.

शरणम्माने मनात हिशेब केला आणि तिला आपली चूक पूर्ण आकारात दिसली.

"म्या दोनदा भाईर बसले, बाई," ती म्हणाली. "होळीला बसले, पाडव्याच्या मागनं बसले. उगीच. कुनाला कळू नये म्हनून. सासूनं पानी वाडलं, मालकानं बगितलं, समद्या कामानं बगितलं. आता म्या होळीच्या आदीचं प्वाट हाय म्हनले, तर आत्याबाई काय म्हनत्याल? मंग बसली व्हतीस ती कशाला?"

नसेची गोष्ट चिठ्ठीवर लिहिता येत होती. घराने आठ दिवस उघड्या डोळ्यांनी पाहिलेले पुसायला चिठ्ठी पुरली नसती.

पण केवळ भीतीपोटी अंगठा द्यायचा नाही, असे सुमनबाईने तिला दोनदा बजावले. त्यावर शरणम्मा म्हणाली की भीती आहेच. पण भीती नसती तरी तिला चौथे नको होते, मागच्या वेळचे ते दोन दिवस तिने पाहिले नसले तरी तिच्या लेकरांनी पाहिले आहेत. तिने शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम झाले. छताला एक पाल होती, एवढे तिला आठवत राहिले. त्या खाटेवर ती दोन रात्री होती. शेजारच्या बाळंतिणीभोवती माणसे जमली होती, खारकांचा वास येत होता. या खाटेशी कोणी बसलेले नाही हे पाहून त्यांतल्या एका म्हातारीने तिला विचारले की तुझे कोण आले नाही का. "येत्याल," शरणम्मा म्हणाली.

निघताना सुमनबाईने तिला पुन्हा त्या खोलीत बसवले. लूप आत्ता बसवता येत नव्हती. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त फार कमी आहे असे सांगितले होते, आणि लूपने अंगावरून आणखी जाते. बाईचे ऑपरेशनही त्याच कारणाने पुढे ढकलले. उरला एक उपाय. मालकांची तपासणी. पाट कोरडा झाला की नाही ते बाटलीतल्या थेंबावरून समजते. तो झाला असेल तर दोघांना आयुष्यभर काळजी नाही. झाला नसेल तर तोवर पिशव्या.

"म्हंजी त्येंला सांगावं लागंल," शरणम्मा म्हणाली.

"सांगावं लागेल."

"न सांगता काय न्हाय का?"

"न सांगता फक्त नशीब आहे. आणि नशिबावर मी तुला इथून पाठवणार नाही. आत्ता सांगायचं की चार दिवसांनी, ते तू ठरव. तो मारील असं वाटतं का?"

"न्हाय," शरणम्मा म्हणाली. "मारनारा नव्हं त्यो." आणि तिला जाणवले की मारणारा असता, तर सांगणे कदाचित सोपे गेले असते.

तामलवाडीला आईकडे सहा दिवस राहून ती परतली. सांगण्यासाठी तिने घर निवडले नाही. घरात मल्लव्वा होती. तिने बार उडवण्याची वेळ निवडली.

दुपारी बारा वाजता माणसे वर येत. धुळाप्पा एकटा तळाशी राहून वाती पेटवी, शिडीवरून वर येई आणि बांधामागे बसून बार मोजी. जितक्या वाती तितके आवाज झाले पाहिजेत. एक जरी कमी भरला, तरी त्या दिवशी कोणी खाली उतरायचे नाही. बाकीची माणसे दूर, लिंबाखाली असत. बार उडाल्यावर धूर निवळेपर्यंत बारवाल्याला तिथून हलता येत नसे. शरणम्मा भाकरी घेऊन बांधामागे गेली. तो मोजत होता. ती बोलली नाही. इतके महिने या कामावर काढलेली बाई मोजणीत कधीच बोलत नाही. सातवा आवाज झाला, माती पाठीवर भुरभुरली, आणि धुळाप्पाने बोटे मिटली.

तेव्हा तिने सांगायला सुरुवात केली. सुमनबाईने सांगितले तसेच, मोट आणि पाट, पिशव्या कशासाठी होत्या, डॉक्टर, अंगठा, खाट. काहीही गाळले नाही. धुळाप्पा विहिरीच्या तोंडातून वर येणाऱ्या धुराकडे बघत होता. पिशव्यांचे ऐकताना त्याचे तोंड कसनुसे झाले. लेकरू त्याचेच होते, यावर त्याने प्रश्न केला नाही. तिला वाटले, झाले, पार पडले.

मग तो म्हणाला, "शिवरात्रीनंतर तू दोनदा भाईर बसलीस."

"उगी बसले."

"चार दिस?"

"चार आन् चार."

"आईनं पानी वाडलं तुला. म्या तुज्याम्होरनं जात व्हतो. पाडव्याच्या मागनं बसलीस तवा ताप व्हता तुला, म्या इच्यारलं, लई दुकतंय का. तू म्हनलीस, व्हय, दर येळंला दुकतंय तसंच."

"म्हनले."

"तवा तुज्या तोंडाकडं बगून मला खरं वाटलं." त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. "आताबी खरंच वाटतंय."

शेवटच्या वाक्याचा अर्थ तिला लागायला थोडा वेळ लागला. खरे बोलणारे तोंड आणि खोटे बोलणारे तोंड त्याला एकच दिसले होते, आणि ते तिनेच त्याला दाखवले होते. धूर निवळला. तो उठला, शिडी हलवून पाहिली आणि खाली उतरला. भाकरी तशीच राहिली.

त्याने तिला मारले नाही, आईला सांगितले नाही, बोलणे टाकले नाही. पाटी उचलताना पूर्वीसारखाच हात देई. फक्त ती बोलू लागली की तो हातातले काम थांबवून तिच्या तोंडाकडे क्षणभर बघे. पूर्वी कधी तो असा बघत नसे. ऐकत असे आणि काम करत असे. टँकर आला, भाकरी झाली, पोरीला खोकला झाला, असल्या गोष्टी सांगतानाही तिला ती नजर सोसावी लागे. हळूहळू ती सांगायच्या गोष्टी कमी करू लागली.

ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात तो एकटा तालुक्याला गेला. तिला बरोबर ये म्हणाला नाही. पुढे कधीतरी सुमनबाईकडून तिला कळले की बाटली हातात घेऊन तो बाभळीखाली तासभर उभा होता आणि आत जाताना त्याने ती टोपीत लपवली होती.

संध्याकाळी तो परतला तेव्हा ती चुलीपाशी होती. मल्लव्वा पोरांना घेऊन टँकरकडे गेली होती. त्याने खिशातून चौघडी केलेला कागद काढून तिच्यासमोर ठेवला.

"बाई म्हनली, पाट कोरडा झालाय. आता कदीच काय व्हनार न्हाय. तसं लिवून दिलंय तितं."

शरणम्माने हात पुसून कागद उचलला. अक्षरे तिला येत नव्हती. खाली निळा शिक्का होता. याच खात्रीसाठी ती खाटेवर एकटी पडून राहिली होती, याचसाठी तिने बांधामागे तोंड उघडले होते. आता भीती नव्हती. आणि आता जर दिवस गेले, तर त्याला पाटातल्या पाण्याचे कारण उरले नव्हते, हेही या कागदावर लिहिलेले होते.

तिने कागद पेटीत ठेवला. ताटात भाकरी वाढली, मिरचीचा ठेचा वाढला, पाण्याचा तांब्या त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. तरी ती उठली नाही.

"तुमचा भरवसा हाय न्हवं माज्यावर?" तिने विचारले.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"कागद हाय की आता," धुळाप्पा म्हणाला आणि त्याने भाकरीचा पहिला तुकडा मोडला.